अडीच फुटांची वाट

मूर्तिजापूर हे गाडी बदलायचं गाव होतं. मुंबई-नागपूर मार्गावरचा माणूस इथे मोठ्या गाडीतून उतरायचा आणि अडीच फुटी रुळांवर उभ्या असलेल्या लहान गाडीत चढायचा. एक फाटा उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाई, ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे रूळ टाकले ते वऱ्हाडच्या कापसावर डोळा ठेवून. कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मुंबई आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टर. पुढे सत्तर वर्षं ज्या इंजिनाने ही गाडी ओढली तेही मँचेस्टरचंच, १९२१ साली घडवलेलं. १९९४ मध्ये त्याची धाव संपली आणि डिझेल इंजिन आलं. कंपनीचा कापूस केव्हाच संपला होता. गाडीत आता शाळेची पोरं होती, मजुरीला निघालेल्या बाया होत्या, अंजनगावच्या विड्याच्या पानांच्या करंड्या होत्या. लोक तिला शकुंतला म्हणत.

माझे वडील शकुंतलेवर गार्ड होते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना दादा म्हणत. मोठ्या लाइनीवरच्या गार्डाचं काम ठरलेलं असतं, शकुंतलेच्या गार्डाला पडेल ते करावं लागे. लहान स्टेशनांवर ना मास्तर, ना तिकिटाची खिडकी. गाडी थांबली की दादा उतरून तिकिटं द्यायचे, बाजाराला निघालेल्या म्हातारीची टोपली वर चढवायचे, मग शेवटच्या डब्याशी येऊन हिरवी झेंडी दाखवायचे. फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावी, गाडी पलीकडे गेली की उघडी आणि पळत येऊन पुन्हा चढे. अचलपूर गाठायला चार तास लागत. बसचं भाडं परवडत नाही अशी माणसं ते चार तास मुकाट काढत.

तुम्ही नेहमी शेवटच्या डब्यातच का बसता, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "डायवर पुढं पाह्यते, गारड मांगं पाह्यते. कोनी राह्यलं तं नाही ना, हे पाहाले एक मानूस लागते."

त्या वयात हे नुसतं उत्तर होतं. त्याचा अर्थ मला आफ्रिकेत कळला.

गणितात एम.एस्सी. झालो, नेट झालो आणि तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. वऱ्हाडात आज ज्या घरात शिकलेला मुलगा आहे त्या घराला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. जेवढे तास तेवढे पैसे. उन्हाळ्यात वर्ग नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच बाक. त्याच काळात इथिओपियाने झपाट्याने नवी विद्यापीठं काढली होती आणि त्यांना शिक्षक हवे होते. भारतीय मास्तर तिथे नवे नव्हते. सम्राट हैले सेलासींच्या काळातच आपल्याकडचे शेकडो शिक्षक तिथल्या शाळांत पोचले होते, आणि साठी ओलांडलेला शिकलेला इथिओपियन माणूस भेटला की बहुधा आपल्या भारतीय मास्तरांची आठवण काढतो. मी अर्ज केला. बोलावणं आलं. दादांना सांगितलं तेव्हा ते अंगणात बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "जाय. पोट्टे तिकडचे असो का इकडचे, गनित तं एकच हाय."

मला मिळालेलं गाव होतं दिरे दावा. गाव कसलं, चांगलं मोठं शहर. पण ते शहर रेल्वेने जन्माला घातलेलं. जिबुतीच्या बंदरातून फ्रेंचांनी टाकलेले मीटरगेज रूळ १९०२ मध्ये तिथवर आले. जुनं हरार शहर डोंगरावर, तिथे गाडी चढवणं अवघड, म्हणून पायथ्याशी स्टेशन झालं आणि स्टेशनाभोवती वस्ती. पुढे १९१७ मध्ये गाडी अदीस अबाबाला पोचली. मी गेलो तेव्हा ती थांबलेली होती. चिनी कंपन्या शहराबाहेरून नवी, विजेवर चालणारी लाइन टाकत होत्या. जुन्या स्टेशनाच्या पिवळट भिंतींपुढे रुळांवर गवत वाढलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि मला परकं वाटेना. ऊन तेच, धूळ तीच, आणि उन्हाळ्यात कोरडीठाक पडणारी नदीही तशीच. त्या देचातू नदीने २००६ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत अडीचशेहून जास्त माणसं वाहून नेली होती. गावातले लोक अजूनही त्या पात्राकडे बघताना बोलणं थांबवायचे.

तिथे पहिल्यांदा बदललं ते घड्याळ. इथिओपियात दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वर्षाला महिने तेरा, तेरावा अवघ्या पाच-सहा दिवसांचा, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. काही दिवस डोक्यात दोन घड्याळं चालली. मग लक्षात आलं की जगात वेळ मोजायची एकच रीत आहे, अशी आपली नकळत समजूत झालेली असते आणि ती आपल्या गावाबाहेर टिकत नाही. माझ्या आजीचाही दिवस तांबडं फुटलं की सुरू व्हायचा. तिला दिरे दावात घड्याळ शिकवावं लागलं नसतं.

वर्गात गेलो तर समोर शांतता. पोरं-पोरी नीटनेटकी, नम्र, वहीत उतरवून घेणारी, आणि एकही प्रश्न न विचारणारी. ती प्राथमिक शाळा शिकली होती ओरोमोत, सोमालीत, अम्हारिकमध्ये. नववीपासून सगळं एकदम इंग्रजीत. ही शांतता मी ओळखली. दहावीपर्यंत मराठी शाळेत पहिला येणारा मुलगा अकरावी सायन्सच्या वर्गात जसा मुका होतो, तशीच ती होती. त्या मुकेपणात मीही दोन वर्षं काढली होती. कळत नाही म्हणून माणूस गप्प बसतो असं नाही. कळलेलं ज्या भाषेत सांगायचं ती भाषा आपल्याला हसेल, या भीतीने तो गप्प बसतो.

अशा वेळी मला आठवले ते आमच्या तालुक्यातले गाडगेबाबा. त्यांचा जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा, पण ते वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, गुरं राखत, शेत कसत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. आणि तरी हजारोंच्या सभेला त्यांनी जे शिकवलं ते प्रश्न विचारून. बाबा कीर्तनात उपदेश क्वचितच करत. ते समोरच्याला विचारत, त्याच्याकडून उत्तर काढत, त्या उत्तराला पुन्हा प्रश्न लावत, आणि माणूस आपल्याच तोंडाने शहाणपणापर्यंत पोचे. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरं कापावं का, पोराला शाळेत घालावं की नाही. उत्तर ऐकणाऱ्याचं असे, म्हणून ते घरापर्यंत टिके. त्यांच्या तालुक्यात वाढून मी ही रीत कधी वापरली नव्हती. ती वापरायला मला लाल समुद्रापलीकडे जावं लागलं.

मी फळ्याकडे पाठ केली. बाजारात आंबे घेताना हिशेब कोणत्या भाषेत करता, असं विचारलं. हसू पसरलं. तीन भाषांत उत्तरं आली. म्हटलं, मग संभाव्यतेचा हिशेबही आधी त्याच भाषेत करा, एकमेकांना सांगा आणि मग सगळे मिळून इंग्रजीत मांडू. वर्गात गलका झाला. इतका गलका की शेजारच्या वर्गातले सहकारी डोकावून गेले. शेवटच्या बाकावर एक उंच, काटकुळा सोमाली मुलगा होता. तो तेव्हाही गप्प होता, पण त्याची वही बघितली तर उत्तर सगळ्यांच्या आधी काढून झालेलं. त्या दिवसापासून मी वर्ग मागून सुरू करू लागलो. आधी शेवटचा बाक, मग पुढे. डायवर पुढं पाह्यते, गारड मांगं पाह्यते.

विदर्भातून परदेशी शिकवायला गेलेल्यांत सगळ्यात मोठं नाव पांडुरंग खानखोजे यांचं. वर्ध्याचा हा तरुण देश स्वतंत्र करायला बाहेर पडला. जपान, अमेरिका, गदर चळवळ, पहिल्या महायुद्धात इराण. मायदेशाची दारं बंद झाली तेव्हा १९२४ च्या सुमारास तो मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिक्षक झाला. मक्याच्या नव्या जाती काढल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. म्हातारपणी ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात गेले. त्यांच्यापुढे माझ्यासारख्याची गोष्ट ती काय! पण दिरे दावाच्या रात्री मी त्यांचा विचार करायचो. परक्याच्या शेतात, मोठेपणी शिकलेल्या भाषेत त्यांनी शिकवलं. क्रांतिकारकाचं शिक्षक होणं ही माघार होती असं मला कधी वाटलं नाही. कणीस भरेपर्यंत शेतकऱ्याजवळ थांबायलाही तितकीच छाती लागते.

तिथे जेवण एका ताटात असतं. तेफच्या आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ इंजेरा पसरायची, तिच्यावर भाज्या वाढायच्या आणि सगळ्यांनी भोवती बसून खायचं. बुधवार-शुक्रवार ख्रिस्ती लोकांचा उपास, त्या दिवशी मांस नाही, दूध नाही. शाकाहारी माणसाला ते दोन वार म्हणजे सण. शिरो नावाचा पदार्थ हरभऱ्याच्या पिठाचा, आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ, तोंडात घातला आणि मायचा हात आठवला. शेजारची बाई पहिल्या दिवशी आपल्या हाताने घास करून माझ्या तोंडापुढे धरून उभी राहिली. नाही म्हणायची सोय नसते. आपल्याकडे लहान मुलाला नाहीतर नवरा-नवरीला घास भरवतात. तिथे पाहुण्याला, मित्राला, मास्तरला भरवतात. मोठं झाल्यावर मला कुणी घास भरवला नव्हता. ज्याला कुणी भरवतं तो त्या घरात परका राहत नाही, एवढं त्या घासाने शिकवलं.

शेजारी एक म्हातारे रेल्वेवाले राहत. सगळे त्यांना आदराने गाशे म्हणत, मीही म्हणू लागलो. जन्मभर जुन्या लाइनीच्या वर्कशॉपमध्ये राबलेले, फ्रेंच बोलणारे. गाडी बंद पडली तरी ते सकाळी निळा डगला घालून वर्कशॉपमध्ये जात, यंत्रांना तेल देत, धूळ पुसत. माझे वडील रेल्वेत होते म्हटल्यावर त्यांनी मला घरातलाच धरलं. तिसऱ्या वाफेची कॉफी होईपर्यंत उठू देत नसत. तिथे कॉफी एकाच दाण्यांची तीनदा उकळतात आणि तिसरा कप घेतल्याशिवाय निघणं बरं दिसत नाही. अशा एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, तुझ्या बापाच्या गाडीचे रूळ किती रुंद? मी दोन्ही हात समोर धरून अडीच फूट दाखवले. त्यांनी माझे हात धरले, आणखी लांब केले, मीटरभर, आणि म्हणाले, आमचे एवढे. मग आम्ही दोघं खूप हसलो. जगातल्या दोन लहान गाड्यांची माणसं एकमेकांना भेटली होती.

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. मूर्तिजापुरात दुपार टळली होती, आमच्याकडे जेवणाची वेळ व्हायची होती. गाडगेबाबांना त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या मरणाची बातमी कोकणात कीर्तन चालू असताना मिळाली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आमच्या भागात पोरापोराला माहीत आहे. मी बाबा नव्हतो. माझ्या हातातला खडू खाली पडला आणि मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तो काटकुळा मुलगा सरकला, त्याने जागा करून दिली. वर्गातलं कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही. तास संपल्याची वेळ होऊन गेली तरी सगळे बसून राहिले.

विमानाचं तिकीट लगेच मिळेना. भावाने अग्नी दिला. मी दहाव्याला पोचणार होतो. त्या मधल्या संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीपुढे बाकं आली. तिथे गल्लीगल्लीत इदिर असतं. घरटी महिन्याला थोडे पैसे जमा करायचे, त्यातून तंबू, बाकं, भांडी घ्यायची आणि ज्याच्या घरी मरण येईल त्याचा भार सगळ्यांनी उचलायचा. न येणाऱ्याला दंड असतो. मी त्यांच्या इदिरचा सभासद नव्हतो. मेलेला माणूस चार हजार किलोमीटरवर होता आणि त्यांच्यातल्या कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. तरी ते आले. चर्चला जाणारे आणि मशिदीत जाणारे एकाच बाकावर बसले. बायकांनी डोक्यावर पांढऱ्या शाली घेतल्या होत्या. देव तुला बळ देवो, एवढं म्हणून प्रत्येकजण गप्प बसे. समजूत काढायला कुणी आलं नव्हतं. ते बसायला आले होते.

तिसऱ्या संध्याकाळी गाशे म्हणाले, आता तुझ्या बापाविषयी सांग. मोडक्यातोडक्या अम्हारिकमध्ये मी सांगितलं. तिकिटांची पेटी, फाटक लावायला उतरणारा माणूस, म्हातारीची टोपली, पावसाळ्यात काळ्या मातीत खचणारे रूळ, घरी आल्यावर अंगाला येणारा कोळशाचा आणि पुढे डिझेलचा वास. सांगता सांगता मला रडू आलं, पहिल्यांदाच. कुणी थोपवलं नाही. बाजूच्या बाईने कपात कॉफी ओतली आणि कप माझ्या हातात देऊन माझी बोटं त्याच्यावर मिटवली.

दादा, तुमच्या मयतीला मी नव्हतो. पण तुमच्यासाठी रडायला दिरे दावात एक अख्खी गल्ली बसली होती. तुमची गाडी त्यांनी ऐकली. तुमचं नाव त्यांनी आपल्या उच्चारात घेतलं. तुम्ही उभ्या जन्मात नागपूर-मुंबईपलीकडे गेला नाहीत, आणि तुमच्या जाण्याचा शोक समुद्रापलीकडच्या रेल्वेवाल्यांनी केला. तुम्ही मागे राहिलेल्यांना बघत आलात. त्या वेळी मागे राहिलेला मी होतो आणि मला बघायला माणसं आली होती.

मूर्तिजापूरला आलो तेव्हा आमच्याही अंगणात सतरंजी पसरलेली होती. घरची चूल पेटली नव्हती, शेजारच्या घरांतून भाकरी-भाजी येत होती. दादांबरोबर नोकरी केलेले दोघं रोज सकाळी येऊन बसत. हे सगळं माझ्या जन्माआधीपासून इथे होतं. मी ते रीत म्हणून पाहिलं होतं. त्यामागे किती आधार असतो हे परमुलखात आधार मिळाल्यावर कळलं.

पुढे मी कायमचा परत आलो. शकुंतला तोवर थांबली होती, आधी यवतमाळकडची, मग अचलपूरकडची. रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. ब्रॉडगेज होईल असं लोक म्हणतात, मोर्चे निघतात, निवेदनं जातात. होईल तेव्हा होईल, आणि व्हायलाच हवी. बसचं भाडं न परवडणारी माणसं अजून इथेच आहेत आणि त्यांचं गाव गाडीविना तुटलं आहे. गाशेंकडूनही आता निरोप येत नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने कळवलं की ते गेले, आणि त्यांच्या घरापुढे बरेच दिवस बाकं होती.

वऱ्हाडातली पोरं-पोरी आजही शिकवायला बाहेर जातात. मला भेटायला येतात, विचारतात, सर, तिकडे काय लागतं? पगार, व्हिसा, करार, हे सगळं मी सांगतो, कारण ते नीट पाहूनच जावं. मग आणखी दोन गोष्टी सांगतो, त्या इथेही लिहून ठेवतो. वर्गात शिरलात की आधी शेवटच्या बाकाकडे जा. आणि तिथल्या कुणाच्या घरी मरण आलं, तर भाषा येत नाही म्हणून घरी थांबू नका. जाऊन बसा. शिकवणं आणि शोक, दोन्ही एकट्याने करायच्या गोष्टी नाहीत.